येतो म्हणून गेलेले

साताऱ्याच्या आमच्या वाड्यात मधल्या खोलीत आजीची खाट होती. अंगावरून वारे गेल्यापासून तिची उजवी बाजू निकामी झाली होती आणि दृष्टीही अधू होत चालली होती. ऐकू मात्र तिला शेवटपर्यंत लख्ख येत असे. आई आणि वडील दोघेही नोकरीला जात आणि माझी शाळा सकाळची असे, त्यामुळे दुपारी एकपासून साडेपाचपर्यंत तिच्यापाशी बसण्याचे काम माझ्याकडे आले. हे १९९२ सालचे, मी तेरा वर्षांचा असतानाचे. त्या खोलीला एकच खिडकी होती, ती परसात उघडायची, आणि भर दुपारीही खोलीत इतका अंधार असे की वाचायचे तर खाटेच्या पायथ्याशी, खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात बसावे लागे. माझ्या आयुष्यातली बहुतेक भयकथांची पुस्तके मी त्या पट्ट्यात बसून वाचली आहेत.

पुस्तके गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयातून येत. तिथे कादंबऱ्या कपाटात आणि भयकथा मालकांच्या टेबलाखालच्या खोक्यात ठेवलेल्या असत, बहुधा त्या फार लवकर झिजत म्हणून. प्रत्येक पुस्तक दोन-तीनदा बांधून घेतलेले, कडेला जाड दोऱ्याचे टाके, वर खाकी कागद आणि खळीचा वास. शीर्षकाचे पान बहुतेक वेळा गेलेलेच असे. एकदा तर ऐन शेवटचा फर्माच गायब असलेले पुस्तक माझ्या वाट्याला आले, तेव्हा त्या सोळा पानांत काय झाले असेल याचा विचार करण्यात माझे दोन आठवडे गेले. मालकांना विचारले तर ते म्हणाले, ‘शेवटी सगळं ठीक होतं रे.’ भयकथेच्या वाचकाची इतकी क्रूर थट्टा मी पुन्हा पाहिली नाही.

खोक्यातली निम्म्याहून अधिक पुस्तके नारायण धारपांची होती आणि त्यांतली बरीच समर्थांची. इथे साताऱ्याची एक अडचण सांगायला हवी. सज्जनगड आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्याकडे समर्थ म्हणजे रामदासस्वामी, दुसरे कोणी नाही. आजीने पहिल्याच दिवशी विचारले, ‘काय वाचतोस रे?’ मी खरे तेच सांगितले, ‘समर्थ.’ ‘चांगलं आहे. मग मनात कशाला, मोठ्यांदा वाच की,’ ती म्हणाली. मी वाचू लागलो. दोन पानांतच तिच्या लक्षात आले असणार की या समर्थांच्या गोष्टीत मनाचे श्लोक येणार नाहीत, पण ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी बसायच्या आधीच तिने विचारले, ‘त्या आप्पाचं पुढं काय झालं?’

आप्पा जोशी हे समर्थकथांचे निवेदक. तुमच्याआमच्यासारखे संसारी गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारी समर्थ ही विलक्षण शक्ती लाभलेली व्यक्ती. शेरलॉक होम्सच्या कथा डॉक्टर वॉटसनने सांगाव्यात तशी ही मांडणी आहे, आणि तिचा फायदाही तोच आहे: असामान्य माणसाकडे सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहता येते. धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली गेले. विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाच्या गोष्टीत अमानवी शक्तीलाही एक कारणपरंपरा असते. ती कुठून आली, कशाने बळावते, कशाने हटते, याचे गणित मांडलेले असते. समर्थ येतात, ते गणित सोडवतात आणि अनिष्टाचा पाडाव होतो. भीमरूपीतल्या ‘भूतप्रेतसमंधादि’ या ओळीवर वाढलेल्या आजीला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

मला मात्र समर्थ आले की थोडे वाईट वाटत असे, हे आज कबूल करतो. त्यांचे पाऊल गोष्टीत पडले की आता कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही हे कळून चुके, आणि तिथून पुढची पाने मी सुटकेचा नि निराशेचा असा मिश्र श्वास टाकत वाचत असे. मला छळले ते समर्थांवाचूनच्या गोष्टींनी. त्यांत कोणीतरी भाड्याने घर घेतो, बदली होऊन नव्या गावी येतो, लांबच्या नातेवाइकाची वास्तू वारशाने मिळते म्हणून सामान घेऊन दाखल होतो, आणि बराच वेळ काहीही होत नाही. चहा होतो, अंथरुणे घातली जातात, कोणीतरी कडी लावतो. धारपांची खरी करामत मला या कडी लावण्यात दिसते. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘४४० चंदनवाडी’ असे, म्हणजे नुसता पत्ता. पोस्टमनला सांगावा तसा पत्ता पुस्तकाच्या कपाळी लिहायचा, आणि मुंबईकराला चंदनवाडी म्हटल्यावर मरीन लाइन्सची स्मशानभूमी आठवते हे गृहीत धरून गप्प बसायचे, याला धाडस लागते.

असे पत्ते आमच्या जुन्या भुतांनाही होते. परसातल्या पिंपळावर मुंजा, विहिरीत आसरा, ओढ्याच्या डोहात गिऱ्हा, रानात वाट चुकवणारा चकवा, कोकणातून आलेल्या मामींच्या बोलण्यात देवचार. पण हे सगळे पत्ते घराबाहेरचे आहेत, हे मला फार उशिरा उमगले. शिवाय ही मंडळी नियमाने वागत. मुंजा का झाला हे ठाऊक असे, तो कोणाला धरतो हेही ठाऊक असे, आणि तिन्हीसांजेला पिंपळाखाली गेले नाही म्हणजे झाले. आजी मुंजाविषयी बोले तेव्हा तो आळीतलाच एखादा थोडा विक्षिप्त भाडेकरू असावा असे वाटे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतल्या मराठी भयकथेने केलेला मोठा बदल मला असा दिसतो, की तिने भीतीला पिंपळावरून उतरवून उंबरठ्याच्या आत आणले. पिंपळ टाळता येतो. मधली खोली कशी टाळणार?

पुढे शिक्षणासाठी मुंबईला आलो आणि १९९९ साली फाउंटनच्या पदपथावर अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगचे एक जाडजूड, पाठ मोडलेले पुस्तक वीस रुपयांना घेतले. ती किंगची १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी होती. लोकलमध्ये वाचताना पन्नास-साठ पानांतच अंगावर काटा आला, आणि तो गोष्टीतल्या भीतीचा नव्हता. हे मी आधी वाचले होते. दहावीच्या सुट्टीत, साताऱ्यात, धारपांच्या, खाकी कव्हराच्या ‘लुचाई’मध्ये. शीर्षकाचे पान फाटलेल्या प्रतींवर वाढलेल्या वाचकाला मूळ कोणते आणि रूपांतर कोणते हे कळायला इतकी वर्षे लागली. पहिली प्रतिक्रिया फसवणूक झाल्याची होती; आपल्या गावचा समजून ज्याच्याशी इतकी वर्षे बोललो तो माणूस परगावचा निघावा, तसे काहीसे.

तो राग फार टिकला नाही. मराठीत रूपांतराचा वाडा जुना आणि भक्कम आहे. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली तेव्हा मंजुळा मूळची लंडनची म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. नाटकाला जे सहज मिळते ते भयकथेला मिळत नाही, याचे कारण भयकथेला आपण मुळात साहित्यच मानत नव्हतो, हे आहे. खोक्यातल्या पुस्तकांच्या वंशावळीची चौकशी कोण करणार? श्रेयाचा प्रश्न आपल्या जागी खरा आहे आणि तो विचारलाही पाहिजे. पण मला त्या लोकलच्या प्रवासात दुसराच प्रश्न पडला आणि तो अजून सुटलेला नाही: ही भीती किंगच्या अमेरिकेतल्या मेन राज्यातून महाराष्ट्रात आलीच कशी? कारण ती येण्यात एक मोठी अडचण होती.

अडचण अशी की, पाश्चात्त्य रक्तपिपासूला देह लागतो. तो मरतो, पुरला जातो आणि थडग्यातून, शवपेटीतून उठतो. दिवसा त्याच पेटीत, तळघरात, मातीत निजतो. ‘सेलम्स लॉट’मधले सगळे गाव एकेक करून असेच उठत जाते. आता आमच्याकडे काय होते? माणूस गेला की काही तासांत तिरडी बांधली जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राख सावडायला माणसे जातात. उठायला उरते कोण? लिंगायत समाजात दफन करतात, संन्याशाला समाधी देतात, तान्ह्या मुलाला पुरतात, हे खरे. पण मराठी मध्यमवर्गीय वाचकाच्या मनातला मृत्यू हा चितेवरचा मृत्यू आहे. म्हणून आमच्या भुतांना देह नसतो, इच्छा असते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात, कोणीतरी हात जोडून ‘तुझ्या मुलांचं आम्ही बघू’ असे मोठ्याने सांगतो, आणि तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा करून शिवून घेतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत, नदीकाठच्या उन्हात, जी शांतता पसरते तिच्याहून भीतिदायक असे काही मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

देह जळून गेलेल्या संस्कृतीत भीतीला राहायला दुसरी जागा शोधावी लागते, आणि ती जागा म्हणजे वास्तू, वस्तू आणि नाते. मराठी भयकथेत माणसापेक्षा घराला इतके महत्त्व का, एखादी पेटी, एखादी मूर्ती, बंद असलेली एखादी खोली वारंवार का येते, याचे उत्तर मला इथे सापडते. अमेरिकी घराला तळघर असते आणि तिथल्या भीतीला जिना उतरून भेटायला जावे लागते. आमच्याकडे माळा होता, बळद होते, अडगळीची खोली होती. आणि पुढे फ्लॅट आले तेव्हा तेही उरले नाही. दोन खोल्यांच्या घरात भीतीला वेगळी खोली देणे परवडत नाही, तिला घरातल्या माणसांतच वळकटी टाकावी लागते.

एक गोष्ट मात्र मराठीत अधिक सहज शिरली. रक्तपिपासूला बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही, असा जुना संकेत आहे. किंगच्या कादंबरीत डॅनी ग्लिक हा मेलेला मुलगा मार्क पेट्री या मित्राच्या खिडकीशी रात्री येतो, बाहेर अधांतरी राहून काच खरवडतो आणि आत घे म्हणून विनवतो. मार्कच्या हाती प्लॅस्टिकचा क्रूस असतो म्हणून तो वाचतो. मी हा प्रसंग वाचला तेव्हा माझ्या मनात तो मराठीतच घडला. आपण दारी आलेल्या कोणालाही, ओळख पटायच्या आधीच, ‘या, या, आत या’ म्हणतो. आणि निरोप घेताना कधीही ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो,’ असेच म्हणतो. जातो म्हणणाऱ्या मुलाला आजी हटकून थांबवायची, ‘येतो म्हण.’ जाणारा प्रत्येक माणूस परत येण्याचे वचन देऊन जातो अशा भाषेत, एके रात्री खिडकीशी कोणीतरी ‘येऊ का?’ असे विचारले तर नाही म्हणायची आपली तयारी कधी झालेली असते?

धारपांची ‘शपथ’ मी पुढे नव्या आवृत्तीत, कोऱ्या कागदाच्या वासासह वाचली. तिचे मूळ किंगच्या १९८६ सालच्या ‘इट’ या अकराशेहून अधिक पानांच्या कादंबरीत आहे. तिथे डेरी नावाच्या गावात दर सत्तावीस वर्षांनी काहीतरी जागे होते, आणि लहानपणी त्याच्याशी झुंजलेली सात मुले कोका-कोलाच्या बाटलीच्या काचेने तळहात चिरून, ते परत आले तर आपणही परत येऊ, अशी शपथ घेतात. राक्षसाचे नाव बाजूला ठेवून शपथेचे नाव पुस्तकाला देणे हा मला मोठा समजूतदार बदल वाटतो. रूपांतरकाराला पुस्तकाचा गाभा कुठे आहे ते नेमके कळले होते. इथेही सगळे वचनावरच उभे आहे, येतो म्हणून गेलेल्यांच्या.

त्याच काळात रत्नाकर मतकरी वेगळ्या वाटेने चालले होते. १९३८ साली जन्मलेले आणि २०२० साली कोरोनाने गेलेले मतकरी बरीच वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, आणि त्यांच्या ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘निजधाम’ या संग्रहांतली माणसेही बसच्या रांगेत आपल्या पुढे उभी असावीत अशी आहेत. ‘गूढकथा’ हा शब्द त्यांच्या नावाशी इतका जोडला गेला की भूतकथा आणि गूढकथा यांत फरक असतो हे आम्ही त्यांच्यामुळेच शिकलो. बाहेरून कोणी येण्याची त्यांना गरज पडत नाही. अपराध, मत्सर, दडवलेली एखादी गोष्ट, एवढे भांडवल त्यांना पुरते. धारप वाचून झाल्यावर मी दिवा लावून झोपत असे, मतकरी वाचल्यावर दिवा लावला तरी उपयोग होत नसे. जे होते ते उजेडातही दिसतच होते. आणि याच माणसाने मुलांसाठी ‘अलबत्त्या गलबत्त्या’ लिहून, दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चिंची चेटकीण आम्हाला दिली. लहानपणी तिला पाहून हसलो आणि मोठेपणी त्याच लेखणीने झोप उडवली, हा हिशेब त्यांनी चोख पुरा केला.

दूरदर्शन संचाविषयी फार लिहीत नाही. १९९३ साली रामसे बंधूंचा झी हॉरर शो आला आणि १९९५ साली सोनीवर ‘आहट’ सुरू झाली. ‘आहट’च्या आवाजाने आमची आळी दचकत असे, पण भूत दिसले की मेणाचा मुखवटाही दिसे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याची नक्कल होई. पुस्तकातल्या भुताची नक्कल कोणी करू शकले नाही, कारण ते प्रत्येकाचे वेगळे होते.

आता ज्या गोष्टीमुळे हे सारे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अँब्रोझ बिअर्स या अमेरिकी लेखकाने एका मेंढपाळाच्या गोष्टीत हॅस्तर नावाचा देव आणला. तो मेंढपाळांचा देव, गरीब, प्रार्थना ऐकणारा. रॉबर्ट चेंबर्सने १८९५ साली ते नाव उचलून आपल्या कथांत काहीशा गूढ अर्थाने वापरले, मग भयकथाकार लव्हक्राफ्टने त्याचा ओझरता उल्लेख केला, त्याच्यामागून आलेल्यांनी त्याला पुरता राक्षस बनवले, आणि १९८४ साली किंगने ‘ग्रॅमा’ या कथेत एका म्हातारीच्या संदर्भात ते नाव पुन्हा उच्चारले. त्या कथेत अकरा वर्षांच्या जॉर्जला भाऊ पाय मोडून इस्पितळात असल्यामुळे घरी एकट्याने आजीपाशी थांबावे लागते. आजी आंधळी, अजस्र, अंथरुणाला खिळलेली. ती मेली आहे का, हे पाहायला तो तिच्या तोंडाशी आरसा धरतो. किंग स्वतः अकरा वर्षांचा असताना त्याची आई म्हाताऱ्या आईवडिलांच्या सेवेसाठी मुले घेऊन मेनमधल्या डरहॅमला राहायला आली होती, हे कळल्यावर तो आरसा मला अधिकच जड वाटू लागला.

ती कथा धारपांनी ‘आजी’ म्हणून मराठीत आणली. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ती राही अनिल बर्वे यांना तोंडी ऐकवली, आणि पंचवीस वर्षांनी, २०१८ साली, त्यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, पाऊस कोकणातला, आणि त्या पावसात साखळीने बांधलेली म्हातारी व तिला घास भरवायला मागे राहिलेला मुलगा. चित्रपटगृहात ‘सो जा, नहीं तो हस्तर आ जाएगा’ हे वाक्य ऐकले तेव्हा सारी वरात माझ्या डोळ्यांसमोरून गेली. बिअर्सचा तो गरीब मेंढपाळी देव वाट काढत काढत कोकणातल्या देवीच्या पोटी, तिचा हावरा थोरला मुलगा होऊन जन्मला होता. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी हळूच भीमरूपी सुरू केली, हे अगदी खरे सांगतो.

आणि मला आठवली ती १९९२ सालच्या दिवाळीनंतरची एक दुपार. वाचनालयातून आणलेल्या संग्रहातली ‘आजी’ मी आदल्या रात्रीच चोरून वाचली होती. दुपारी नेहमीप्रमाणे उजेडाच्या पट्ट्यात बसलो, पहिली गोष्ट मोठ्याने वाचून संपवली, आणि पुढच्या ‘आजी’ची सगळी पाने चिमटीत धरून एकदम उलटली.

‘किती पानं उलटलीस रे?’ खाटेवरून आवाज आला.

‘एकच.’

‘एका पानाचा आवाज मला कळत नाही होय? मधली गोष्ट का सोडलीस?’

‘फाटलीये, आजी. वाचनालयाचं पुस्तक आहे.’

तिने डावा हात पुढे केला. नाही म्हणण्याची प्राज्ञा नव्हती, मी पुस्तक दिले. छातीवर ठेवून तिने अंगठ्याने पानांच्या कडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चाचपल्या, टाके चाचपले, आणि पुस्तक परत केले. ‘शिवण घट्ट आहे की,’ ती म्हणाली. मग पाणी मागितले. मी फुलपात्र तिच्या ओठांशी धरले. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून नेहमीप्रमाणे थोडे पाणी ओघळले, ते पुसले, आणि जागेवर येऊन बसलो. ‘आता वाच.’

शीर्षक तेवढे गाळून मी ती गोष्ट वाचली. मध्ये दोनदा माझा घसा कोरडा पडला. खाटेकडे न पाहता पानावर डोळे रोवून, शब्द न् शब्द, शेवटपर्यंत वाचली. ती एकदाही हुंकारली नाही, त्यामुळे झोप लागली असावी अशी मला आशा होती. मी पुस्तक मिटले.

‘काय बाई एकेक माणसं,’ आजी म्हणाली. ‘एवढ्या मोठ्या घरात, म्हातारीपाशी, एकटं पोर ठेवून जातात का कुणी?’

तिने डोळे मिटून घेतले. माजघरातल्या घड्याळाने तीनचे टोले दिले. आई यायला अजून अडीच तास होते.